पुतणीला दात घडवायला शिकायचंय: डेंटल टेक्निशियनच्या लाइनबद्दल खरं काय ते सांगा

रामबागची_आत्या (सोमवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. मी इंदूरची. पुतणी जीवशास्त्र घेऊन बारावी झाली आणि नीट दोनदा दिली. सरकारी जागा मिळेल इतके गुण नाहीत, आणि खाजगी कॉलेजची फी भावाला झेपणारी नाही.

पोरीच्या हातात मात्र कला आहे. गेली सहा वर्षं घरचा शाडूचा गणपती तीच करते. सोंडेचं वळण, बोटांची नखं, सगळं एका जुन्या चमच्याच्या दांड्याने. मागच्या महिन्यात माझ्या दाढेला कॅप बसवायची होती म्हणून तिला सोबत नेलं. डॉक्टरांनी माप घेतलं आणि म्हणाले, "आठवड्याने या, लॅबमधून येईल." घरी परतताना तिचा एकच प्रश्न, "आत्या, ती दाढ करतं कोण?" दोन दिवसांनी तिनेच शोधून काढलं की डेंटल मेकॅनिक नावाचा दोन वर्षांचा कोर्स असतो. आता तिला तोच करायचाय.

भाऊ म्हणतो, मेकॅनिक म्हणजे गॅरेज. वहिनी म्हणते, मुलगी दिवसभर प्लास्टर कालवत बसणार का? मला या कामातलं काही कळत नाही, पण पोरीचा चेहरा कळतो. इथे कोणी या कामात असेल तर मोकळेपणाने सांगा. शिकतात काय, काम कसं असतं, पोट भरतं का, आणि मुलीला लॅबमध्ये कसं वागवतात?

---

सेव_परमल (सोमवार, रात्री ९:२५)

आत्या, भावाला सांगा, माझ्या गाडीचा मेकॅनिक सुट्टीवर गेला की अख्खी गल्ली पायी फिरते. दाताच्या मेकॅनिकची किंमत तर जेवायला बसल्यावर कळते!

---

मेणाचा_दात (सोमवार, रात्री ११:०५)

आत्याबाई, तीस वर्षं झाली, मी इंदूरमध्ये हेच काम करतो. सविस्तर लिहितो.

आधी नावाचं. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यात 'डेंटल मेकॅनिक' हाच शब्द आहे. कवळ्या आणि दातांची इतर साधनं बनवणारा किंवा दुरुस्त करणारा, असा त्याचा अर्थ. प्रमाणपत्रावर आणि राज्याच्या डेंटल कौन्सिलच्या नोंदवहीत तोच शब्द येतो. लॅबमध्ये सगळे टेक्निशियन म्हणतात.

पहिल्या वर्षी काय करतात? दात कोरतात. मेणाचा ठोकळा समोर ठेवायचा आणि त्यातून पटाशीचा दात काढायचा. उजवीकडचा वरचा, म्हणजे आमच्या भाषेत अकरा नंबर. तो जमला की सुळा, मग उपदाढ, मग दाढ. वरच्या पहिल्या दाढेवर एक तिरकी कड जाते, ती चुकली की सर पूर्ण ठोकळा परत वितळवायला लावायचे. मी सोळा नंबरची, म्हणजे उजवीकडची ही दाढ किती वेळा वितळवली ते मोजलं नाही, पण आज डोळे मिटून दाढेवर बोट फिरवलं तरी वरची की खालची, उजवी की डावी ते सांगतो.

तुमची पुतणी मूर्ती करते, म्हणून एक गंमत सांगतो. बाजारातल्या मूर्तींचं प्लास्टर ऑफ पॅरिस आणि आमचं प्लास्टर हे एकच घराणं, दोन्ही जिप्सम भाजून होतात. पण आमच्याकडे त्याच घराण्यातला 'स्टोन' असतो. साध्या प्लास्टरला १०० ग्रॅमला ४५ ते ५० मिली पाणी लागतं, स्टोनला २८ ते ३०, आणि डायस्टोन म्हणजे सगळ्यात टणक स्टोन, त्याला त्याहूनही कमी. पाणी जितकं कमी, साचा तितका टणक. नळाखाली वाटी धरून अंदाजाने पाणी घेणारा टेक्निशियन आयुष्यभर 'कॅप घट्ट होते, कॅप ढिली होते' अशी तक्रार ऐकत राहतो. म्हणजे वहिनी म्हणतात ते खरंय, प्लास्टर कालवावं लागतंच. पण कालवणं हीच अर्धी विद्या आहे.

अल्जिनेटचं, म्हणजे तोंडात ओला लगदा दाबून घेतलेलं माप आलं की हातातलं काम टाकून आधी त्यात साचा ओतायचा. त्यातलं पाणी सुटतं आणि माप आकसतं. पाव तासाच्या आत ओतलं तर ठीक. पूर्वी धारची मापं ओल्या फडक्यात गुंडाळून बसने गंगवाल स्टँडवर यायची आणि आमचा पोरगा सायकलने आणायचा. तोवर व्हायचं ते होऊन जायचं. आता बाहेरगावचे डॉक्टर रबराचं माप पाठवतात किंवा तिथेच साचा ओतून पाठवतात, म्हणून जीव निवांत आहे.

पैशाचं उद्या लिहितो, आता डोळे मिटतायत.

---

सुदामानगर_२१ (मंगळवार, सकाळी ७:५०)

मी बीडीएस, म्हणजे दातांचा डॉक्टर आहे, म्हणून वेगळं मत मांडतो. पुतणीला अजून एक वर्ष द्या, नीट पुन्हा देऊ दे. टेक्निशियनचं काम बिनचेहऱ्याचं आहे. पेशंट डॉक्टरला धन्यवाद देतो, लॅबचं नावही त्याला ठाऊक नसतं. हुशार मुलीने का म्हणून पडद्यामागे राहायचं?

---

दातवाली_डॉक्टर (मंगळवार, सकाळी ८:३०)

@सुदामानगर_२१, मी तुमच्याच क्षेत्रातली, कृत्रिम दातांमध्ये एमडीएस. तुमचं म्हणणं मला पटत नाही. बीडीएसला चार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. त्यानंतर दवाखान्याला जागा, खुर्ची, एक्सरे. तोवर घरच्यांच्या खिशातून किती जातं ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या वर्गातल्या किती जणांनी शेवटी दुसरा धंदा धरला तेही आठवून पाहा.

पडद्यामागचं म्हणाल तर माझ्या दवाखान्यातलं निम्मं यश लॅबच्या टेबलावर ठरतं. मी कॅपसाठी दात कितीही नीट घासून तयार केला आणि कॅपची कड हिरडीपाशी केसभर उघडी राहिली, तर दोन-तीन वर्षांत आत कीड. ती कड टेक्निशियन भिंगाखाली बघतो. मला माझ्या टेक्निशियनचा महिन्यातून दोनदा तरी फोन येतो, "मॅडम, चोवीस नंबरची कड मापात दिसत नाही, परत माप घ्या." आधी राग यायचा. आता असा फोन न करणाऱ्या लॅबकडे मी काम देत नाही.

आत्या, तिला नाही म्हणणं शिकवा. खराब मापावर चांगली कॅप होत नाही, हे डॉक्टरला तोंडावर सांगता आलं पाहिजे.

---

मेणाचा_दात (मंगळवार, दुपारी १:१५)

डॉक्टरबाई, हे वाचून बरं वाटलं. आमच्यातले बरेच जण भिऊन गप्प बसतात आणि मग तीच कॅप तीनदा करतात. दोन वेळचा धातू आणि सिरॅमिक जातं लॅबच्या खिशातून.

पैशाचं सांगतो. लॅबमध्ये दोन रीती आहेत, महिन्याचा पगार किंवा नगावर. नवीन पोरांना साच्यांवर आणि घासाई-पॉलिशवर बसवतात, तिथे पैसा कमी. मेणाची कॅप घडवणारा त्याच्या वर. आणि सिरॅमिक लावणाऱ्याला मालक नोकरी सोडू देत नाही, इतका तो महाग. त्या टेबलापर्यंत पोहोचायला मला सात वर्षं लागली. कोर्स संपला की लगेच हातात पैसा येईल असं पोरीला सांगू नका. पहिली दोन-तीन वर्षं ही दुसरी शाळाच असते, पण हात बसला की माणूस रिकामा राहत नाही.

---

झिरकोनिया (मंगळवार, रात्री १०:००)

काकांचा आदर ठेवून बोलतो. मी विजय नगरच्या बाजूला एका डिजिटल लॅबमध्ये डिझायनर आहे. तो काळ आता मागे पडतोय. डॉक्टर तोंडात स्कॅनर फिरवतो, दोन मिनिटांत फाइल येते, माप नाही, प्लास्टर नाही. मी एक्सोकॅड या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर दाढ बसवतो आणि मशीन झिरकोनिया या सिरॅमिकच्या पांढऱ्या चकतीतून ती कोरतं. चकती त्या वेळी खडूसारखी मऊ असते, म्हणून दाढ २० ते २५ टक्के मोठी कोरायची. मग भट्टीत दीड हजार अंशांच्या आसपास काही तास ठेवली की आटून बरोबर मापाची आणि दगडासारखी घट्ट. मेणाचे ठोकळे कोरण्यात दोन वर्षं घालवण्यापेक्षा मुलीने थेट सॉफ्टवेअर शिकावं. परदेशातल्या लॅबसाठी रात्रपाळीत डिझाइन करून पाठवणाऱ्या कंपन्या आपल्याकडे आहेत. एसीत बसून काम.

---

मेणाचा_दात (मंगळवार, रात्री १०:४०)

झिरकोनिया बेटा, सॉफ्टवेअर दाढ कुठून आणतं? कुणीतरी कोरलेल्या दाढांच्या साठ्यातूनच ना. ती समोरच्या दाढेवर नीट चावतेय की नाही, कुठे जास्त लागतेय, हे कोण ठरवतं?

---

झिरकोनिया (मंगळवार, रात्री १०:५२)

मीच ठरवतो काका. पण मी कोर्स करताना मेण कोरलं होतं, हेही कबूल करतो. आमच्याकडे थेट सॉफ्टवेअर शिकून आलेली दोन मुलं आहेत. त्यांच्या दाढा पडद्यावर सुरेख दिसतात आणि खुर्चीवर डॉक्टर त्या अर्धा तास घासत बसतात. तरी माझं म्हणणं, जग तिकडे चाललंय. पूर्ण कवळ्यासुद्धा आता छापल्या जातात.

---

दुसरं_वर्ष (बुधवार, सकाळी ६:४५)

मी सध्या हाच कोर्स करतोय, दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे सकाळी लेक्चर. दातांची रचना, साहित्याचं शास्त्र, थोडं भौतिक आणि रसायन, थोडं धातूंचं. दुपारी लॅब. आत्ता कवळीचं चालू आहे. मेणाच्या पट्टीत अठ्ठावीस दात लावायचे, अक्कलदाढा धरत नाहीत. समोरून सरळ दिसतात, पण खरी ओळ वाकडी असते, मागे हळूहळू वर चढत जाते. सरळ लावले तर एका बाजूने चावताना कवळी दुसऱ्या बाजूने उठते. माझी पहिली ओळ सरांनी पट्टीने एका फटक्यात मोडली आणि म्हणाले, परत लाव. आता चौथी चालू आहे.

आत्या, एक गोष्ट नक्की तपासा. कॉलेजला त्या कोर्सची मान्यता आहे का आणि पास झाल्यावर राज्याच्या डेंटल कौन्सिलकडे नोंद होते का. माझ्या एका मित्राने सहा महिन्यांचं कुठलंसं प्रमाणपत्र घेतलं. काम येतं त्याला, पण सरकारी रुग्णालयाच्या जागेसाठी अर्ज करायला गेला तेव्हा नोंदणी क्रमांकाचा रकाना रिकामा राहिला.

---

दांडिया_बाजार (बुधवार, दुपारी १२:२०)

आम्ही बडोद्याचे. वडिलांची छोटी लॅब होती, नोंदणी वगैरे नव्हती, एका जुन्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकले. त्यांच्या पिढीत असंच चालायचं आणि ती माणसं उत्तम काम करायची. कागदाने हात येत नाही, एवढंच म्हणायचंय.

आजोबांची कवळी आमच्याकडे अजून डबीत आहे. गुलाबी नाही, गडद तांबडी, व्हल्कनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची. १९३७ च्या सुमारास ॲक्रिलिक नावाचं प्लास्टिक आलं आणि मग हिरडीसारखा रंग शक्य झाला. वडील ती कवळी हातात घेऊन म्हणायचे, "बघ, एवढ्या वर्षांत एक दात हलला नाही."

---

दातवाली_डॉक्टर (बुधवार, दुपारी २:०५)

@दांडिया_बाजार, तुमच्या वडिलांबद्दल आदरच आहे. पण आजच्या मुलीला हा सल्ला मी देणार नाही. कागदाने हात येत नाही हे खरं, पण कागद नसला तर चांगल्या हातालाही दार उघडत नाही.

---

लष्करकर (बुधवार, सायंकाळी ५:३०)

मी ग्वाल्हेरचा, वय ७४, वर-खाली पूर्ण कवळी. तुम्ही करणारे बोललात, आता वापरणाऱ्याचं ऐका.

पहिले पंधरा दिवस 'स' म्हटलं की शिट्टी वाजायची. नातवाने मला 'सीताराम सासरे सकाळी' असं म्हणायला लावलं आणि घरभर हसू. जेवताना डावीकडे खुपायचं. डॉक्टरांनी तीनदा घासून दिली, मग बसली. आता फुटाणे सोडून सगळं खातो. डिसेंबरात इंदूरला मुलीकडे आलो होतो तेव्हा सराफ्याच्या खाऊबाजारात गराडू, म्हणजे तळलेला कंद खाल्ला, बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ, कवळीला काही झालं नाही.

---

सेव_परमल (बुधवार, सायंकाळी ५:४४)

काका, गराडूवर मसाला आणि लिंबू जोरात मारून घेतला होता ना? नसेल तर परत या, भुट्ट्याचा कीसही राहिलाय. तो तर कवळी घरी ठेवून आलात तरी चालतो!

---

रामबागची_आत्या (बुधवार, सायंकाळी ६:१५)

लष्करकर काका, आमच्या सासूबाईंची कवळी परवा वाकली. कुणीतरी उकळत्या पाण्यात धुतली. हे असं होतं का?

---

मेणाचा_दात (बुधवार, रात्री ९:००)

होतं. उकळतं पाणी घालू नका. थंड पाणी, मऊ ब्रश, आणि रात्री पाण्यात बुडवून ठेवा. कोरडी पडली तरी तिचा आकार बिघडतो.

आता करताना काय होतं ते सांगतो. ॲक्रिलिकची पूड आणि द्रव मिसळून पिठासारखा गोळा करतात, साच्यात दाबतात आणि पाण्यात शिजवतात. तो द्रव शंभर अंशांच्या जरासं वर उकळतो. घाईत आच वाढवली की आत बुडबुडे राहतात आणि कवळी जाड जागी स्पंजासारखी होते. म्हणून ७४ अंशांवर सावकाश, आठ-नऊ तास. आम्ही संध्याकाळी लावून घरी जायचो आणि सकाळी भांडं गार झाल्यावर उघडायचो. घाईचं गिऱ्हाईक आलं तरी मी हे बदललं नाही.

---

घर_आणि_लॅब (गुरुवार, रात्री १२:१०)

मुलीला लॅबमध्ये कसं वागवतात, या आत्यांच्या प्रश्नाकडे कोणी वळलंच नाही, म्हणून रात्री जागून लिहितेय.

मी अकरा वर्षं काम करतेय. पहिल्या लॅबमध्ये मी एकटी मुलगी. तळघर, एकच खिडकी, आणि बाथरूम शेजारच्या दुकानात. भट्टी आणि कास्टिंग मला देत नव्हते, "तू मेणच कर." मी दोन वर्षं मेणच केलं आणि मग हट्टाने कास्टिंग शिकले. मेणाची कॅप मसाल्यात, म्हणजे भट्टीची आच सोसणाऱ्या साच्याच्या मिश्रणात गाडायची, भट्टीत मेण जाळून पोकळी करायची आणि वितळलेला धातू त्या पोकळीत घालायचा. बस्तरचे ढोकरा कारागीर मूर्ती करतात तीच रीत. दंतकामात ती १९०७ मध्ये टॅगार्ट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने रूढ केली. पहिल्यांदा मसाला फोडून आत माझी कॅप सापडली, तेव्हा आत्या, तुमच्या पुतणीला गणपती पूर्ण झाल्यावर जे वाटत असेल तेच मला वाटलं.

पण फुप्फुसाचं सांगायलाच हवं, कारण इथे अजून कोणी बोललं नाही. मसाल्यात सिलिका असते. धातू घासताना बारीक धूळ उडते, आणि काही निकेलच्या मिश्रधातूंत बेरिलियम असतं, ते श्वासात गेलं तर फुप्फुसाला धोका. ॲक्रिलिकच्या द्रवाने कातडी फुटते, बोटांना खाज येते. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. धूळ ओढणारं सक्शन टेबलावर हवं, घट्ट मास्क हवा, डोळ्यांना चष्मा हवा. लॅब बघायला जाल तेव्हा मशीन नंतर बघा. आधी खिडकीच्या गजावर आणि पंख्याच्या पात्यावर बोट फिरवा. पांढरं आलं तर समजा तीच धूळ माणसांच्या छातीत आहे.

मला दिवस गेले तेव्हा मी मालकांना सांगितलं की ॲक्रिलिक आणि घासाई करणार नाही. त्यांनी मला मेणाच्या कामाला बसवलं. बाळ वर्षाचं झाल्यावर मी परत आले, आता अर्धा दिवस लॅब आणि अर्धा दिवस घरून डिझाइन. @झिरकोनिया, तुमचं सॉफ्टवेअर माझ्या उपयोगी पडलं, त्याबद्दल वाद नाही.

---

झिरकोनिया (गुरुवार, सकाळी ९:२०)

ताई, सक्शनचं अगदी बरोबर. झिरकोनियाचीही पीठासारखी धूळ होते. आमच्याकडे मशीनला सक्शन आहे, पण हाताने फिनिशिंग करताना पोरं मास्क काढून बसतात. आजपासून ओरडणार.

---

सुदामानगर_२१ (गुरुवार, सकाळी १०:१५)

माझं मत थोडं बदलतंय. एक प्रश्न आहे. शिकल्यावर तिला स्वतःचं छोटं केंद्र काढून लोकांना थेट कवळ्या देता येतील का? आमच्या भागात एक जण देतो.

---

दातवाली_डॉक्टर (गुरुवार, सकाळी ११:००)

नाही. भारतात टेक्निशियनने पेशंटच्या तोंडात काम करायचं नाही, माप घेणं आणि बसवणं डॉक्टरांचं. कॅनडात डेंच्युरिस्ट असतात, इंग्लंडमध्ये क्लिनिकल डेंटल टेक्निशियन असतात. ते जादा शिक्षण घेऊन ठरलेल्या मर्यादेत थेट कवळ्या देतात. आपल्याकडे तशी सोय नाही. तुमच्या भागातला तो माणूस हलत्या दाताला ॲक्रिलिक चिकटवून देत असेल, आणि त्याखाली सडलेली हिरडी घेऊन लोक माझ्याकडे येतात. मागे एकाच्या तशा चिकटवलेल्या दाताखाली न भरलेला व्रण होता, बऱ्याच महिन्यांचा. तो नुसता व्रण नव्हता.

लॅब मात्र तिची स्वतःची होऊ शकते.

---

निमाडी (गुरुवार, रात्री ८:४०)

खरगोनहून लिहितोय. मी फक्त वाचत होतो, पण डॉक्टरबाईंचं त्या व्रणाबद्दलचं वाक्य वाचून राहवलं नाही.

माझ्या बाबांना वरच्या जबड्याचा कॅन्सर झाला. गुटखा, पंचवीस वर्षं. ऑपरेशनमध्ये टाळू गेली. घरी आल्यावर पाणी प्यायला लागले की नाकातून बाहेर. बोलले तर फक्त हवा ऐकू यायची. ते पाटीवर लिहायचे, आणि आम्ही समोर बसून जेवायला लाजायचो.

इंदूरला एका डॉक्टरांनी टाळूचं माप घेतलं आणि ऑब्च्युरेटर करायचं ठरवलं. म्हणजे भोक बुजवणारी, दात लावलेली कवळी. दोनदा केली, दोनदा गळाली. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी लॅबमधल्या माणसालाच दवाखान्यात बोलावलं. ते काका आले, बाबांच्या शेजारी उभे राहिले, बाबा पाणी पिताना कुठून थेंब येतो ते वाकून बघत राहिले. मग ती कवळी घेऊन गेले आणि संध्याकाळी परत आणली. डॉक्टरांनी बसवली. बाबांनी आधी पाणी प्यायलं. मग चहा मागितला, तोंडाने. "साखर जास्त," म्हणाले. आई तिथेच रडायला लागली.

बाबा त्यानंतर चार वर्षं होते. त्या काकांचं नाव मला ठाऊक नाही. पुतणीला हे काम करू द्या.

---

मेणाचा_दात (गुरुवार, रात्री ९:३०)

निमाडी भाऊ, तो मी नव्हतो. पण अशी कामं मी केली आहेत. पोकळी मोठी असली की ऑब्च्युरेटर आतून पोकळ करावा लागतो, नाहीतर वजनानेच खाली येतो. त्या काकांनी जे केलं तेच मी इथल्या मुलांना सांगतो. जमेल तेव्हा, डॉक्टरांच्या परवानगीने, माणूस बघा. मी पहिली दहा वर्षं एकही पेशंट बघितला नव्हता, माझ्यासाठी तोंड म्हणजे प्लास्टरचा ठोकळा. एकदा डॉक्टरांनी कॅपच्या रंगासाठी बोलावलं. रंगपट्टीवर ए-१ पासून डी-४ पर्यंत सोळा रंग, मला वाटायचं ए-३ म्हणजे ए-३. खुर्चीवर बाई बसल्या होत्या, त्यांच्या दाताच्या टोकाला निळसर झाक आणि मधे एक बारीक पांढरी रेष. चिठ्ठीवर ते कधी आलंच नसतं. त्या दिवसापासून मी डॉक्टरांकडे खिडकीच्या उजेडातला फोटो मागतो, आणि तोही दात ओला असताना काढलेला. दात कोरडा पडला की पांढरट दिसतो आणि रंग चुकतो.

---

दुसरं_वर्ष (गुरुवार, रात्री १०:०५)

काका, हे आम्हाला वर्गात कोणी सांगितलं नाही. वहीत लिहून घेतलं.

---

रामबागची_आत्या (रविवार, सायंकाळी ७:२०)

मंडळी, सगळं वाचलं. भावाला निमाडीदादांचं मोठ्याने वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, उठून गॅलरीत गेला.

मेणाचा_दात काकांनी शनिवारी आम्हाला त्यांच्या लॅबमध्ये बोलावलं होतं. घर_आणि_लॅब ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी पंख्यावर बोट फिरवलं. थोडं पांढरं आलं. काकांनीच बघितलं आणि पोराला लगेच पुसायला लावलं. सक्शन दोन टेबलांवर आहे, तिसऱ्यावर लावणार म्हणाले.

पुतणीला त्यांनी मेणाचा ठोकळा, कोरायची लेक्रॉनची सुरी आणि नमुन्याचा एक दात दिला. अकरा नंबर. ती तीन तास उठली नाही, चहा गार झाला. काकांनी दात हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "मागची बाजू सपाट केलीस. खोलगट असते. जिभेने आपल्या दाताला लावून बघ." तिने तिथेच जीभ लावून बघितली, आणि पुन्हा खाली बसली.

भावाने आज मान्यतेचं कॉलेज आणि कौन्सिलची नोंद यांची चौकशी करायला घेतली आहे. वहिनी अजून नाराज आहे, पण पोरीने मेणाचा दात देवघरात ठेवलाय आणि वहिनीने तो उचललेला नाही.

---

घर_आणि_लॅब (रविवार, रात्री ८:००)

आत्या, कोर्स सुरू झाला की पुतणीला माझ्याशी बोलायला सांगा. कास्टिंगला बसू देत नाहीत असं झालं तर आधी मला फोन.

---

सेव_परमल (रविवार, रात्री ८:१२)

माझी दाढ गेले वर्षभर अशीच मोडकी आहे. थांबतो आता, दोन वर्षांनी पुतणीकडूनच करून घेईन.

---

दातवाली_डॉक्टर (रविवार, रात्री ८:३०)

@सेव_परमल, थांबू नका. उद्याच दाखवा कुणाला तरी.

---

मेणाचा_दात (रविवार, रात्री १०:१५)

आत्याबाई, तिला पुढच्या शनिवारी परत पाठवा. नखं कापून, केस बांधून आणि जुना सुती शर्ट घालून यायला सांगा. अकरा नंबरची मागची बाजू जमली की एकवीस नंबर, म्हणजे त्याच्या शेजारचा डावा पटाशीचा दात देतो. दोन्ही शेजारी ठेवल्यावर जोडी दिसली पाहिजे.